चांगली बॅटरी देऊन आले आणि पोकळ घेऊन आले

माझी ई-बाइक दोनच ठिकाणी बंद पडायची, चढावर आणि खड्ड्यात. डिस्प्ले काळा व्हायचा, बटण दाबलं की काही झालंच नाही अशा थाटात पुन्हा निघायची. बॅटरी दोन वर्षं वापरलेली, ४८ व्होल्ट (हा नावाचा आकडा, भरली की त्याच्या वर जातो), १४ अँपिअर-तासांची, म्हणजे तिच्यात तेवढी वीज मावायची. एका चार्जमध्ये चाळीसेक किलोमीटर जायची, आणि बिघाड सुरू झाल्यावरही तेवढीच जात होती. बॅटरी थकली की आधी पल्ला घटतो. माझा पल्ला जागच्या जागी होता. पण हे मला फार उशिरा सुचलं.

दुरुस्ती करणारा गोड बोलणारा. त्यानं पुढचं चाक भिंतीला टेकवलं, थ्रॉटल, म्हणजे वेगाची मूठ, पिळला आणि कंट्रोलरच्या (बॅटरीची वीज मोटरला मोजून देणाऱ्या डबीच्या) तारांवर धरलेलं मीटर मला दाखवलं. ५४ व्होल्टचा आकडा धाडकन ४६ वर आला. ''बघा ताई, लोड आला की बसते. सेल गेले.'' मग चार्जर लावला. वीस मिनिटांत हिरवा दिवा. ''आता तर चार्जही घेत नाही.'' मी मान डोलावली. बॅटरी आदल्या रात्रीच चार्ज करून ठेवली होती, ती भरलेलीच असणार, हे मलाच आठवायला हवं होतं. पण समोरचा माणूस मीटर हातात घेऊन बोलायला लागला की आपली अक्कल गहाण पडते.

त्यानं तोडगाही लगेच काढला. जुनी बॅटरी त्याला द्यायची, वरचे पैसे भरायचे आणि तेवढ्याच आकाराच्या खोक्यात २० अँपिअर-तासांची नवी घ्यायची. जुनीचं काय करणार, असं विचारलं तर म्हणाला, ''भंगारात. घरी ठेवू नका, पेट घेते.'' मी घाबरले आणि देऊन टाकली. पावतीवर त्यानं लिहिलं 'बॅटरी काम'. क्षमता नाही, क्रमांक नाही, हमीची मुदतही नाही. वॉरंटी तोंडी होती, आणि खोक्यावर एक स्टिकर, जे फाटलं की ती संपणार होती.

घरी आल्यावर पहिली गोष्ट खटकली ती चार्जिंगची. माझा चार्जर २ अँपिअरचा. जुनी बॅटरी पूर्ण उतरली की सात तास घ्यायची. तिच्याहून मोठी असलेली ही चार तासांत भरली. मी खूश झाले! नवी आहे, भराभर घेत असेल. साधा भागाकार होता. २० अँपिअर-तास भरायला २ अँपिअरनं निदान दहा तास लागणार.

चौथ्या दिवशी खड्ड्यात गाडी पुन्हा बंद पडली. अगदी पूर्वीसारखी.

परत गेले तर उत्तर तयार होतं. ''ताई, कंट्रोलरपण गेलाय.'' या वेळी मी पैसे काढले नाहीत. ओळखीचे एक काका आहेत, आयुष्यभर मोटर रिवाइंडिंग केलेले. ई-बाइक त्यांनी कधी उघडलेली नव्हती, पण वीज त्यांना कळते. त्यांनी दोन मीटर लावले, एक चार्जिंगच्या पोर्टवर आणि एक कंट्रोलरच्या तारांवर. मला थ्रॉटल पिळायला सांगितला. बॅटरीकडचं मीटर ४९.५, कंट्रोलरकडचं ४५. काका म्हणाले, ''अगं, मधले साडेचार व्होल्ट गेले कुठं?''

बॅटरी जिथं सरकवून बसवतो त्या तळपट्टीत गेले होते. तिथं दोन पितळी पाती असतात. त्यातलं एक काळं पडलेलं, सैल झालेलं, भोवतीचं प्लास्टिक वितळून वाकलेलं. मोटर तेव्हा साधारण १५ अँपिअर ओढत होती. १५ अँपिअर आणि साडेचार व्होल्ट म्हणजे ६७ वॅट, तारांना डाग देण्याच्या साध्या सोल्डरिंग आयर्नहून जास्त उष्णता, आणि तीही नखाएवढ्या जागेत. खड्ड्यात पातं क्षणभर सुटायचं आणि डिस्प्ले जायचा. सेल कमजोर असते तर गाडी चढावर दमली असती, बॅटरी उतरत आली की जास्त दमली असती, पण त्यांना सपाट रस्त्यावरचा खड्डा कसा कळणार? पहिल्या दिवशी त्या माणसानं मीटर मुद्दाम पात्यांच्या पलीकडे धरलं होतं की सवयीनं, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. पण बॅटरीचा निकाल लावताना मीटर बॅटरीवरच धरायला सांगा. लगेच, तुमच्यासमोर.

मग मी त्या 'नव्या' बॅटरीच्या मागे लागले. भरल्यावर मीटर ५४.६ दाखवायचं, म्हणजे सेलचे तेरा गट ओळीत आणि प्रत्येकी ४.२ व्होल्ट. अगदी बरोबर. पण यातून क्षमता कळत नाही. तांब्या काठोकाठ भरला आणि रांजण काठोकाठ भरला तरी दोन्ही भरलेलेच म्हणायचे. व्होल्टेज फक्त काठ दाखवतं.

सॉकेटमध्ये लावायचं युनिट मोजणारं छोटं मीटर आणलं. ४८ गुणिले २० म्हणजे ९६० वॅट-तास, शिवाय चार्जरमध्ये वाया जाणारी वीज. रिकामी २० अँपिअर-तासांची बॅटरी भरायला एक युनिटहून (१००० वॅट-तासांहून) जास्त लागायला हवं. लागलं ०.४३. चार्जरची घट वजा केली तर आत पावणेआठ अँपिअर-तासांच्या आसपास काहीतरी होतं.

वजनाचा हिशेब तर घरच्या काट्यावरही झाला असता. अशा बॅटऱ्यांत सहसा असतो तो १८६५० जातीचा गोल सेल ४५ ते ५० ग्रॅमचा असतो, आणि चांगल्यातला चांगला साधारण साडेतीन अँपिअर-तासांचा. २० हवे असतील तर सहा-सहाचे तेरा गट, म्हणजे ७८ सेल. नुसत्या सेलचं वजनच साडेतीन किलो. माझ्या हातात खोक्यासकट २.६ किलो होतं. जुन्या बॅटरीच्या कागदावर ३.४ लिहिलं होतं. क्षमता वाढली आणि बॅटरी हलकी झाली! दुकानात ती उचलताना मी म्हणालेसुद्धा, ''अरे वा, हलकी आहे.''

खोकं मी उघडलं नाही. स्टिकरची भीती नव्हती, काकांनी बजावलं होतं. आत पन्नासेक व्होल्ट उघडे असतात, पान्याचं टोक चुकीच्या जागी टेकलं तर ठिणगी पडून भागत नाही. त्यामुळे आत नवे कमी सेल आहेत की लॅपटॉपमधून काढलेले जुने, मला माहीत नाही. चार्जिंग मात्र आता रात्री होत नाही, मी जागी आणि समोर असतानाच होतं.

युनिटचं मीटर आणि वजनाचा काटा घेऊन तिसऱ्यांदा गेले. तो म्हणाला, रेंज चालवणाऱ्यावर असते. पावती दाखवली, तर म्हणाला, यावर २० कुठं लिहिलंय? बरोबरच होतं. जुनी बॅटरी परत मागितली, तर ती त्याच दिवशी भंगारात गेली म्हणे. धडधाकट होती ती, चाळीस किलोमीटर जाणारी. आज ती कुणाच्या गाडीत 'नवी' म्हणून बसली असेल असा माझा दाट संशय आहे. तिच्या मागचा क्रमांक मी कधी टिपून ठेवला नव्हता, त्यामुळे समोर आली तरी माझी म्हणता येणार नाही. तिच्या कुलपाच्या दोन किल्ल्या मात्र माझ्याकडेच राहिल्या, त्यानं मागितल्याच नाहीत.

तळपट्टी काकांनी बदलून दिली, अर्ध्या तासाचं काम. आता गाडी खड्ड्यात बंद पडत नाही, चढावरही नाही. बावीस किलोमीटर झाले की मात्र संपते.