मार्टिनी-हेन्री की थ्री नॉट थ्री? संग्रहातलं पहिलं काडतूस निवडताना

ब्रिटनमध्ये जुन्या लष्करी सामानाच्या बाजारात गेलात, तर एखाद्या टेबलावर दोन डबे शेजारी शेजारी दिसतील. एकात मार्टिनी-हेन्री या जुन्या ब्रिटिश रायफलची काडतुसं, बुडाशी अंगठ्याएवढी जाड आणि वर बाटलीच्या मानेसारखी निमुळती. दुसऱ्यात मूठभर .३०३, म्हणजे आपली ‘थ्री नॉट थ्री’. नवख्याचा हात पहिल्या डब्याकडे जातो. माझाही गेला होता. आता कुणी विचारलं, तर मी दुसऱ्या डब्याकडे बोट दाखवतो.

मार्टिनीचा रुबाब खराच आहे. ही रायफल १८७१ मध्ये ब्रिटिश सैन्यात आली. काडतुसाचं नाव .५७७/४५०. आधीच्या स्नायडर रायफलच्या .५७७ इंची मापाचं बूड ठेवून मान .४५० ला आवळलेली, म्हणून हे जोडनाव. आत ८५ ग्रेन काळी दारू आणि वर कागदात गुंडाळलेली ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची, शिशाची गोळी. सुरुवातीची पुंगळी, म्हणजे दारू भरायचं कवच, अखंड नव्हतीच. पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून तो लोखंडी चकतीच्या बुडावर बसवलेला असे. सुदानच्या मोहिमेत, १८८५ च्या सुमारास, तापलेल्या आणि धुळीने भरलेल्या बंदुकीत हा पत्रा फाटून अडकायचा आणि ऐन लढाईत बंदूक बंद पडायची. पुढे अखंड पितळी पुंगळी आली.

ओळखायला हे सोपं आहे. अंगावर गुंडाळीची शिवण दिसली आणि बुडाला लोहचुंबक चिकटला, तर माल जुन्या घडणीचा. पण पुढचा प्रश्न विचारा: कोणत्या कारखान्यात, कोणत्या साली? तिथे ही मार्टिनीबाई गप्प. गुंडाळीच्या बहुतेक काडतुसांच्या बुडावर काहीच लिहिलेलं नसतं. त्यात लोखंड गंजतं, पत्रा चुरतो. शिवाय हौशी नेमबाज आजही शॉटगनच्या २४ बोअरच्या पितळी पुंगळ्यांना आकार देऊन मार्टिनीची काडतुसं बनवतात. थोडी काळवंडली की ती दक्षिण आफ्रिकेतल्या ‘झुलू युद्धातली’ म्हणून खपतात.

.३०३ दिसायला साधं, पण बोलकं. १८८८-८९ मध्ये ते सैन्यात आलं तेव्हा त्यातही काळीच दारू होती. कॉर्डाइट, म्हणजे धूर न करणारी नवी दारू, १८९१ पासून. बुडावरच्या जुन्या ठशांत दिसणारं ‘सी’ हे अक्षर या कॉर्डाइटचंच. बुडावर साधारणपणे कारखान्याची खूण, साल आणि रोमन आकड्यात मार्क, म्हणजे आवृत्तीचा क्रमांक, असतो. सहावा मार्क म्हणजे गोल नाकाची २१५ ग्रेनची गोळी. सातवा मार्क १९१० चा, टोकदार आणि १७४ ग्रेनचा. ‘डब्ल्यू’ असेल तर चिलखतभेदी, ‘जी’ असेल तर उजेडाची रेघ सोडणारी, ‘बी’ असेल तर आग लावणारी. बुडाच्या मधोमध दारू पेटवणारी कॅप असते, तिच्याभोवतीच्या कड्याचा रंगही हेच सांगतो: साध्या गोळीला जांभळा, चिलखतभेदीला हिरवा, रेघवालीला तांबडा, आगवालीला निळा. म्हणून पितळ घासून चकचकीत करण्याचा मोह आवरा. रंगाबरोबर माहितीही जाते.

माझ्या मनात .३०३ चं पारडं जड झालं ते एका खुणेमुळे. ‘के’ आणि ‘एफ’ या अक्षरांच्या मधे वर टोक केलेला बाण. हे आपलं खडकी, पुण्याजवळचं. तिथला दारूगोळा कारखाना १८६९ चा. नुसतं ‘के’ असेल तर मात्र ते बर्मिंगहॅमच्या काइनॉकचं. घाईत वाचणारे इथेच फसतात.

.३०३ मध्येही फसवणूक आहे, विशेषतः ‘दमदम’ म्हणून विकल्या जाणाऱ्या गोळ्यांत. कोलकात्याजवळच्या दमदम कारखान्यातल्या त्या गोळीचं टोक उघड्या शिशाचं होतं. पसरणाऱ्या गोळ्यांवर १८९९ च्या हेग परिषदेत बंदी आली. पण कानस घेऊन कुणीही साध्या गोळीचं नाक उघडं करू शकतं. बुडावरचा ठसा १९१७ चा आणि टोक दमदमचं, असं दिसलं तर पैसे खिशातच राहू द्या.

ठसा पुसट असेल तर व्हर्निअर, म्हणजे बारीक मापं घेणारी मोजपट्टी, लावा. .३०३ ची पुंगळी ५६ मिलिमीटर लांब, बुडाची कड सुमारे १३.७. मार्टिनीची कड सुमारे १९. नाटो सैन्यांच्या ७.६२ मिलिमीटर काडतुसाला बाहेर आलेली कडच नसते आणि पुंगळी ५१ मिलिमीटरची.

कायद्याचं म्हणाल तर दोन्ही डबे सारखेच. ब्रिटनमध्ये रिकामी पुंगळी किंवा निकामी केलेलं काडतूस चालतं, जिवंत काडतुसाला प्रमाणपत्र लागतं. भारतात परवान्याशिवाय जिवंत काडतूस बाळगणं १९५९ च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे, मग ते आजोबांच्या ट्रंकेत सापडलेलं का असेना. ते उघडून दारू काढू नका, पोलिसांना कळवा. आणि विमानाच्या सामानात रिकामी पुंगळीसुद्धा ठेवू नका.

मार्टिनीच्या एका चांगल्या काडतुसाच्या पैशांत .३०३ च्या बऱ्याच रिकाम्या पुंगळ्या येतात. मी एकच साल धरलं, १९४२. वूलिच, काइनॉक, रॅडवे ग्रीन, कॅनडाचा डोमिनियन आर्सेनल आणि खडकी, पाचांचं बूड वर करून एका फळीत बसवलं आहे. मार्टिनीचं काडतूसही आहे घरात, एकच, शिवणीचं. ते वेगळ्या डबीत कापसात असतं, कारण हातात घेतलं की पत्रा सुटतो.