पॅप, व्हाया की एचपीव्ही: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी कोणती तपासणी करून घ्यावी?

तिशी ओलांडली आहे आणि ही तपासणी आजवर एकदाही झालेली नाही, अशा बाईसाठी माझं उत्तर आधीच सांगते. परवडत असेल आणि जवळपास मिळत असेल, तर एचपीव्ही डीएनए चाचणी, म्हणजे या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या विषाणूची चाचणी, करून घ्या. ती मिळत नसेल तर पॅप (पेशींची तपासणी) किंवा व्हाया (द्रावण लावून डोळ्यांनी केलेली पाहणी), जी मिळेल ती करा. मात्र दोष निघाला तर पुढचे उपचार कुठे आणि कोण करणार, हे तपासणीला बसण्याआधी विचारून घ्या. हे उत्तर ज्या संशोधनातून आलं आहे त्यातला मोठा भाग आपल्या घरचाच आहे: धाराशिवची खेडी, बार्शीचं कॅन्सर रुग्णालय, मुंबईच्या वस्त्या. तिथल्या बायकांनी दिलेल्या माहितीवर आज जगभरचे नियम ठरतात. महाराष्ट्रातल्या बाईला मात्र त्या माहितीचा फायदा मिळत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

गर्भाशयाच्या मुखाचा, म्हणजे बोलीभाषेत पिशवीच्या तोंडाचा, कॅन्सर भारतात दरवर्षी सव्वा लाखाच्या आसपास बायकांना होतो आणि त्यातल्या ८० हजारांच्या घरात बायका दगावतात. हा आजार एका रात्रीत होत नाही. एचपीव्ही या विषाणूचे काही धोकादायक प्रकार तिथल्या पेशींत वर्षानुवर्षं ठाण मांडून बसतात, पेशी हळूहळू बिघडतात आणि कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा दहा-वीस वर्षं जातात. इतका वेळ हातात असलेला दुसरा कॅन्सर क्वचितच सापडेल. तरी २०१९ ते २०२१ दरम्यानच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या १०० बायकांमागे जेमतेम दोघींनी कधीतरी ही तपासणी केल्याचं आढळलं.

तिन्ही तपासण्या नेमकं काय बघतात?

पॅपमध्ये गर्भाशयमुखावरून छोट्या ब्रशने पेशी खरवडून घेतात. त्या काचपट्टीवर पसरून किंवा द्रावणाच्या बाटलीत घालून लॅबला जातात आणि तिथे पॅथॉलॉजिस्ट त्या सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. प्रश्न असतो तो पेशी बिघडल्यात का हा.

व्हायामध्ये लॅबच लागत नाही. ३ ते ५ टक्के ऍसेटिक ऍसिड, म्हणजे साधारण व्हिनेगरच्या ताकदीचं द्रावण, कापसाने गर्भाशयमुखावर लावतात आणि मिनिटभर थांबतात. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. प्रशिक्षित परिचारिका तो नुसत्या डोळ्यांनी बघते आणि निकाल तिथल्या तिथे सांगते.

एचपीव्ही चाचणी पेशींकडे बघतच नाही. धोकादायक प्रकारच्या विषाणूचा डीएनए आहे का, एवढंच यंत्र शोधतं. नमुना नर्स घेऊ शकते, आणि योग्य किट असेल तर बाई स्वतःही घेऊ शकते. मला हा तिसऱ्या चाचणीचा सगळ्यात मोठा गुण वाटतो. टेबलावर पाय वर करून झोपायचं, आतून तपासणी करून घ्यायची, या संकोचापायी आपल्याकडे कितीतरी बायका दवाखान्याची पायरी चढत नाहीत.

धाराशिवच्या खेड्यांनी दिलेलं उत्तर

१९९९ साली टाटा मेमोरियल सेंटर, बार्शीचं नर्गिस दत्त स्मृती कॅन्सर रुग्णालय आणि फ्रान्सच्या लिआँमधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात एक मोठा अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका त्यात होत्या. गावांचे ५२ गट पाडून चिठ्ठ्या टाकाव्यात तशी त्यांची वाटणी झाली: काही गावांत एचपीव्ही, काहींत पॅप, काहींत व्हाया, आणि उरलेल्या गावांत नेहमीची आरोग्यसेवा, म्हणजे तपासणी नाही. प्रत्येक बाईची तपासणी एकदाच झाली. बोलावलेल्यांपैकी जवळपास ८० टक्के बायका आल्या. आपल्या बायका तपासणीला येतच नाहीत, असं म्हणणाऱ्यांनी हा आकडा लक्षात ठेवावा.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एचपीव्हीच्या ३४,१२६ बायकांच्या गटात १२७ कॅन्सर सापडले आणि तपासणी नसलेल्या ३१,४८८ बायकांच्या गटात ११८. वरवर पाहता फरक नाही. पण पुढच्या टप्प्याला, म्हणजे दुसऱ्या किंवा त्यापलीकडच्या अवस्थेला, पोचलेले कॅन्सर पहिल्या गटात ३९ होते आणि दुसऱ्यात ८२. मृत्यू ३४ विरुद्ध ६४. म्हणजे कॅन्सर लवकर हाती लागला आणि जीव वाचले. मृत्यूचा धोका जवळजवळ निम्म्यावर आला, तोही आयुष्यात एकदा केलेल्या चाचणीमुळे. पॅप आणि व्हायाच्या गटांत मृत्यूंमध्ये अशी ठोस घट दिसली नाही.

याच अभ्यासातला दुसरा आकडा निवड करणाऱ्या बाईसाठी मला जास्त मोलाचा वाटतो. तुमचा रिपोर्ट निगेटिव्ह आला तर त्यावर किती भरवसा ठेवायचा? एचपीव्ही निगेटिव्ह आलेल्या बायकांमध्ये पुढे कॅन्सर होण्याचं वार्षिक प्रमाण लाखात ३.७ होतं. पॅप निगेटिव्ह असलेल्यांमध्ये ते १५.५ आणि व्हाया निगेटिव्ह असलेल्यांमध्ये १६. चौपटीहून जास्त फरक आहे हा. म्हणूनच जागतिक आरोग्य संघटना एचपीव्ही निगेटिव्ह असेल तर ५ ते १० वर्षांनी पुन्हा या म्हणते, आणि पॅप किंवा व्हाया असेल तर ३ वर्षांनी.

मग व्हाया टाकाऊ आहे का?

मुळीच नाही, आणि हेही महाराष्ट्रातच सिद्ध झालं आहे. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांमध्ये ३५ ते ६४ वयाच्या दीड लाख बायकांवर अभ्यास केला. वस्तीतल्याच दहावीपर्यंत शिकलेल्या तरुणींना प्रशिक्षण देऊन त्यांच्याकडून दर दोन वर्षांनी, चार फेऱ्यांत व्हाया करून घेतली. बारा वर्षांनी मृत्यूंमध्ये ३१ टक्के घट दिसली. तमिळनाडूच्या दिंडिगल जिल्ह्यात तर परिचारिकांनी केलेल्या एकाच फेरीने मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले होते. तिथे दोष दिसताच त्याच बैठकीत थंड वायूने तो भाग गोठवण्याचा उपचारही करत असत.

मग धाराशिवला व्हाया का कमी पडली? माझ्या मते याचं बरचसं उत्तर व्हायाच्या स्वभावातच आहे. ती माणसाच्या डोळ्यावर अवलंबून असते. चांगलं प्रशिक्षण, वारंवार फेऱ्या, जागच्या जागी उपचार हे सगळं जुळलं तर ती जीव वाचवते. शिबिरात घाईघाईने, अपुऱ्या उजेडात, एकदाच केलेल्या व्हायाकडून तेवढी अपेक्षा ठेवता येत नाही. शिवाय पन्नाशीच्या पुढे, पाळी थांबल्यावर, जिथे बिघाड सुरू होतो ती पेशींची सीमारेषा आत सरकते आणि डोळ्यांना दिसत नाही. त्या वयाच्या बाईने व्हायाच्या ‘नॉर्मल’वर विसंबू नये.

या अभ्यासांवर मोठी टीकाही झाली आणि ती टाळून पुढे जाणं मला बरोबर वाटत नाही. तपासणीचा उपयोग होतो हे जगाला ठाऊक असताना हजारो गरीब बायकांना विनातपासणी का ठेवलं, असा आक्षेप भारतातून आणि अमेरिकेतूनही घेतला गेला. त्या वेळी भारतात तपासणीची सोयच नव्हती, तीच नेहमीची सेवा होती, असं संशोधकांचं म्हणणं होतं. मला हे उत्तर पुरेसं वाटत नाही. धाराशिवच्या तपासणी नसलेल्या गटात ज्या ६४ बायका दगावल्या, त्यांचं ऋण फेडायचं तर हे ज्ञान निदान त्यांच्या मुलींपर्यंत आणि सुनांपर्यंत पोचलं पाहिजे.

पॅप कुणासाठी?

श्रीमंत देशांत पॅपने गेल्या शतकात कॅन्सरचं प्रमाण खूप खाली आणलं, कारण तिथे ती ठरावीक वर्षांनी पुन्हापुन्हा केली जाते आणि लॅबची गुणवत्ता सतत तपासली जाते. एकेकटी पॅप बराच बिघाड चुकवते, पुढच्या फेऱ्यांमध्ये तो सापडतो. म्हणून शहरात राहणारी, दर तीन वर्षांनी न चुकता जाणारी आणि चांगली लॅब माहीत असलेली बाई पॅपवर राहिली तरी चालेल. पंचविशीतल्या बाईला डॉक्टरांनी तपासणी सुचवली तर तिच्यासाठीही पॅपच बरी. त्या वयात एचपीव्हीची लागण फार जणींना होते आणि बहुतेकींच्या शरीरातून ती एक-दोन वर्षांत आपोआप निघून जाते. तेव्हा चाचणी केली तर नाहक घबराट वाट्याला येते. एचआयव्हीसह जगणाऱ्या बाईचं मात्र वेगळं आहे. तिच्यासाठी जागतिक आरोग्य संघटना पंचविशीपासूनच एचपीव्ही चाचणी आणि दर ३ ते ५ वर्षांनी फेरतपासणी सुचवते.

पॅप करणारच असाल तर द्रावणाच्या बाटलीतली करा. नमुना चांगला टिकतो, आणि रिपोर्ट संशयास्पद आला तर त्याच बाटलीतून एचपीव्ही तपासता येतं, दुसरी फेरी पडत नाही.

खर्च आणि सोय

व्हाया सरकारी यंत्रणेत मोफत आहे. ३० वर्षांवरच्या बायकांची दर पाच वर्षांनी ही तपासणी करायची, असं राष्ट्रीय कार्यक्रमाचं धोरण आहे. आशाताईंना विचारा, तुमच्या भागात ती कुठल्या दिवशी आणि कोण करतं ते त्या सांगतील. पॅप खासगी लॅबमध्ये साधारण काही शे रुपयांत होते. एचपीव्ही अजून महाग आहे, बहुतेक ठिकाणी हजाराच्या पुढे. पण हिशेब करताना फेऱ्या मोजा. दहा वर्षांत पॅपच्या तीन फेऱ्या, तीन वेळा बुडालेली रोजंदारी, तीन वेळचं एसटीचं भाडं. आणि एचपीव्हीची एक किंवा दोन. गोव्याच्या मोलबायो कंपनीची जी छोटी ट्रूनॅट यंत्रं क्षयरोगाच्या निदानासाठी ग्रामीण दवाखान्यांत पोचली, त्यांवर चालणारी एचपीव्हीची देशी चाचणीही आता आहे. ही चाचणी सरकारने प्राथमिक आरोग्य केंद्रांपर्यंत नेली, तर या लेखातली अर्धी तुलना करायची गरजच उरणार नाही.

पॉझिटिव्ह आलं तर

एचपीव्ही पॉझिटिव्ह म्हणजे कॅन्सर नव्हे. धाराशिवच्या अभ्यासात तपासलेल्या १०० बायकांमागे साधारण १० जणी एचपीव्ही पॉझिटिव्ह निघाल्या, पॅपमध्ये ७ आणि व्हायात १४. त्यातल्या बहुतेकींना कॅन्सर नव्हता. पुढचा टप्पा असतो कॉल्पोस्कोपी, म्हणजे भिंगातून बारकाईने पाहणी, आणि गरज वाटली तर छोटा तुकडा काढून तपासणं. विषाणू १६ किंवा १८ प्रकारचा असेल तर डॉक्टर थेट कॉल्पोस्कोपीला पाठवतात, कारण सुमारे ७० टक्के कॅन्सर याच दोन प्रकारांमुळे होतात. बिघाड सापडला तर तेवढाच भाग उष्णतेने जाळून, गोठवून किंवा तारेच्या वेटोळ्याने कापून काढता येतो. बाई बहुधा त्याच दिवशी घरी जाते.

रिपोर्ट घरी दाखवताना आणखी एक भीती असते. हा विषाणू शरीरसंबंधातून पसरतो, त्यामुळे नवरा-बायकोत संशय उभा राहतो. लागण वीस वर्षांपूर्वीची असू शकते आणि ती कुणाकडून, केव्हा आली हे कुठलीच चाचणी सांगू शकत नाही. रिपोर्ट देणाऱ्याने हे दोघांना समोर बसवून सांगावं, असा आग्रह धरा.

आणि नुसता रिपोर्ट पॉझिटिव्ह आला म्हणून पिशवी काढायला तयार होऊ नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड कामगार बायकांची २०१९ मध्ये शासनाच्या समितीने पाहणी केली, तेव्हा सुमारे ८२ हजारांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशयं काढलेली आढळली. अंगावरून पांढरं जातं, पोटात दुखतं, अशा तक्रारी घेऊन गेलेल्या कितीतरी जणींना कॅन्सरची भीती घातली गेली होती. पांढरं जाणं बहुतेक वेळा साध्या जंतुसंसर्गाने होतं आणि गोळ्यांनी बरं होतं. कॅन्सरचं नाव काढून कुणी ऑपरेशन सुचवलं, तर तुकड्याच्या तपासणीचा लेखी रिपोर्ट मागा आणि तो दुसऱ्या डॉक्टरांना दाखवा.

जाण्याआधी

पाळी चालू असताना कुठलीच तपासणी करू नका. आधीचे दोन दिवस शरीरसंबंध आणि योनीमार्गात ठेवायची औषधं टाळा. एचपीव्हीची लस घेतली असली तरी तपासणी चुकवू नका, कारण लस सगळे धोकादायक प्रकार अडवत नाही. साध्या कारणासाठी गर्भाशय मुखासकट काढलेलं असेल आणि आधीचे रिपोर्ट स्वच्छ असतील, तर यातलं काहीच लागत नाही. मुख शिल्लक ठेवलं असेल तर लागतं; ऑपरेशनच्या कागदांवर ते लिहिलेलं असतं.

संबंधानंतर रक्त दिसत असेल, पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर पुन्हा रक्तस्राव होत असेल किंवा घाण वासाचा, रक्ताळ स्राव जात असेल, तर वरची सगळी तुलना बाजूला ठेवा. या चाचण्या त्रास नसलेल्या बायकांसाठी आहेत. उघड कॅन्सर असताना रक्त आणि सडलेल्या पेशींमुळे पॅपचा रिपोर्ट चुकीने ‘नॉर्मल’ येऊ शकतो. अशा वेळी चाचणी निवडत बसू नका, थेट स्त्रीरोगतज्ज्ञांकडे किंवा जिल्हा रुग्णालयात जा आणि आतून तपासणी करून घ्या, त्याच आठवड्यात.