पोस्टग्रेसच्या कॉलम-कमेंटमधून मदतीचा मजकूर: कारखान्यातल्या वापरानंतरचा अनुभव

"डेटा पूर्ण आला आहे, सगळ्या टेबलांतल्या नोंदी जुळतात, तिकीट बंद करतो." आमचा डेटाबेस नव्या सर्व्हरवर हलवून देणाऱ्या होस्टिंगवाल्यांचं हे उत्तर. आमच्या स्क्रीनवर रकान्याखाली दिसणारी मदतीची ओळ आम्ही पोस्टग्रेस या डेटाबेसमधल्या कॉलमच्या कमेंटमधून, म्हणजे कॉलमला जोडून लिहिलेल्या टिपेतून, घेतो. नोंदी जुळत होत्या हे खरं, पण चलनाच्या स्क्रीनवर एकाही रकान्याखाली मदतीची ओळ उरली नव्हती. बरीच फोनाफोनी केल्यावर कळलं की रिस्टोअर करताना त्यांनी 'नो-कमेंट्स' हा पर्याय लावला होता. का, तर एका एक्स्टेन्शनवरची (डेटाबेसला जोडलेल्या पुरवणीवरची) कमेंट परत घालताना 'तुम्ही मालक नाही' अशी चूक येत होती. तेवढी एक चूक टाळायला आमचा सगळा मजकूर गाळला, आणि वर 'कमेंट म्हणजे डेटा नव्हे' असंही ऐकवलं. जुना सर्व्हर अजून चालू होता म्हणून वाचलो. पीजी_डिस्क्रिप्शन या कमेंट साठवणाऱ्या अंतर्गत टेबलातून 'कमेंट ऑन कॉलम'ची वाक्यं तयार करून घेतली आणि नव्या ठिकाणी चालवली. साध्या डंप फाइलमधून (डेटाबेसच्या मजकूर-रूपातल्या प्रतीतून) ओळी शोधून उचलता येतात, पण मजकूर दोन-तीन ओळींचा असेल तर तो मध्येच तुटतो. कॅटलॉगमधून, म्हणजे पोस्टग्रेसच्या अशा अंतर्गत टेबलांतून, घेणंच बरं.

आमच्यासाठी हा मजकूर डेटाच आहे. सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतला टेरी टॉवेलचा कारखाना, सॉफ्टवेअर मी सांभाळतो. 'वजन' हा रकाना बघा. किलोत की ग्रॅममध्ये? एका नगाचं की डझनाचं? पॅकिंगसह की नुसत्या मालाचं? नव्या माणसाला हे कोणी सांगितलं नाही तर बिलच चुकतं. आधीच्या विकत घेतलेल्या सॉफ्टवेअरमध्ये असली एक ओळ बदलायची म्हटली तरी वेगळे पैसे, वर पुढच्या आवृत्तीची वाट. एका वाक्यासाठी पैसे मोजणं मला कधीच पटलं नाही. आता दिवाणजी संध्याकाळी सांगतात, "इथे सहा अंकी एचएसएन (जीएसटीसाठीचा मालाचा कोड) नको, ६३०२ पुरे असं लिहा," आणि सकाळी ते स्क्रीनवर असतं. फुकट. या एका गोष्टीसाठी मी बाकीचं बरंच सोसायला तयार आहे.

मजकूर काढायचा मार्ग तुम्हाला माहीत असेलच: कॉल_डिस्क्रिप्शन या फंक्शनला टेबलाचा ओआयडी (पोस्टग्रेसने आतून दिलेला ओळख-क्रमांक) आणि कॉलमचा क्रमांक द्यायचा. हा क्रमांक हाताने मोजून कोडमध्ये लिहू नका. कॉलम काढून टाकला की त्याचा क्रमांक रिकामाच राहतो, पुढचे कॉलम मागे सरकत नाहीत. त्यामुळे डोळ्यांना पाचवा दिसणारा कॉलम आतून सातवा असू शकतो. कॉलमांची यादी ठेवणाऱ्या पीजी_ॲट्रिब्यूटमधून नाव आणि क्रमांक एकत्र घ्यावेत, क्रमांक शून्याच्या वर आणि काढून टाकलेले कॉलम वगळून. प्रत्येक रकान्यासाठी वेगळा कॉल करण्यापेक्षा स्क्रीन उघडताना सगळ्या टेबलाचा मजकूर एका क्वेरीत आणून मेमरीत ठेवला की ऑपरेटरला काही जाणवत नाही. मजकूर नसेल तर नल (रिकामं मूल्य) मिळतो, हे मला फार आवडलं. मायक्रोसॉफ्ट ॲक्सेसमध्ये डीएओमधून (कोडमधून डेटाबेस हाताळायच्या साधनातून) कॉलमचं डिस्क्रिप्शन मागितलं आणि ते कधी लिहिलेलंच नसेल तर ३२७० क्रमांकाची चूक येते आणि ती वेगळी सांभाळावी लागते. लांबीचीही चिंता नाही. मायएसक्यूएल या दुसऱ्या डेटाबेसमध्ये कॉलमच्या कमेंटला १०२४ अक्षरांची मर्यादा आहे, शिवाय ती बदलताना कॉलमची पूर्ण व्याख्या परत लिहावी लागते. इथे फक्त कमेंट बदलते.

आता व्ह्यू, म्हणजे साठवलेल्या क्वेरीतून टेबलासारखं दिसणारं रूप. याच एका मुद्द्यासाठी गेले काही महिने मी चिडलेला आहे.

आमच्या बहुतेक स्क्रीन टेबलावर नाहीत, व्ह्यूवर आहेत. डिस्पॅचची स्क्रीन चलन, पार्टी आणि माल ही तीन टेबलं जोडून बनते. टेबलातल्या कॉलमवर कितीही नीट लिहा, व्ह्यूच्या कॉलमवर त्यातलं काही येत नाही. तिथे परत लिहावं लागतं. लिहिलं तरी ते टिकेल याची खात्री नाही. चलनातला वजनाचा कॉलम पूर्णांकाचा दशांश करायला गेलो, तर व्ह्यूमध्ये वापरलेल्या कॉलमचा प्रकार बदलता येत नाही म्हणून पोस्टग्रेस अडतं. म्हणजे व्ह्यू पाडा, प्रकार बदला, व्ह्यू पुन्हा उभा करा. पाडताना त्याच्यावरच्या कमेंटही गेल्या. चूक नाही, इशारा नाही, काही नाही. 'क्रिएट ऑर रिप्लेस'ने कमेंट टिकतात, पण त्यात नवे कॉलम फक्त शेवटी जोडता येतात; असलेल्या कॉलमचं नाव किंवा प्रकार बदलता येत नाही. व्ह्यू पाडायची वेळ येते ती नेमकी अशाच बदलांना. कोणता व्ह्यू कोणते कॉलम वापरतो हे इन्फर्मेशन स्कीमामधल्या व्ह्यू_कॉलम_युसेजमध्ये दिसतं, पण व्ह्यूचा कुठला कॉलम टेबलाच्या कुठल्या कॉलमवरून आला ही जोडी त्यात नसते. शेवटी मी नावावरून जुळवलं: व्ह्यूच्या कॉलमवर कमेंट नसेल तर मूळ टेबलातल्या त्याच नावाच्या कॉलमची घ्यायची.

हे चालवत असताना माझं मत थोडं बदललं, तेही नोंदवतो. डिस्पॅचच्या व्ह्यूमधलं 'एकूण वजन' हे नग, डझन आणि पॅकिंग मिळून काढलेलं असतं. त्याने मदत कुठल्या कॉलमची उचलायची? शिवाय विणकाम खात्यात 'वजन' म्हणजे नुसता माल, डिस्पॅचमध्ये पॅकिंगसह. तिथे व्ह्यूवर वेगळा मजकूर लिहिता येतो हीच सोय ठरते. तरीही जो कॉलम जसाच्या तसा उचललाय, त्याचा मजकूर आपोआप यायला हवा होता, यावर मी ठाम आहे. तोवर स्कीमा (टेबलं आणि व्ह्यूंची रचना) बदलला की आमच्याकडे एक क्वेरी चालते: व्ह्यूमधले कमेंट नसलेले कॉलम दाखव. यादी रिकामी झाल्याशिवाय बदल पुढे जात नाही. टेबलाची नक्कल करतानाही 'लाइक'बरोबर 'इन्क्लूडिंग कमेंट्स' लिहावं लागतं, नाहीतर नवं टेबल मुकंच येतं.

मजकूर बदलायचा अधिकार टेबलाच्या मालकाला असतो. दिवाणजींना मालकाचा लॉगिन देणं मला मान्य नव्हतं, म्हणून मालकाच्या अधिकारात चालणारं एक फंक्शन लिहिलं. कमेंटच्या आज्ञेत पॅरामीटर चालत नाही, म्हणून आत फॉरमॅट हे फंक्शन वापरून मजकूर अवतरणात नीट बांधावा लागतो. आणखी एक सांगायलाच हवं: डेटाबेसला जोडलेला कोणीही सगळ्या कमेंट वाचू शकतो, टेबल वाचायची परवानगी नसली तरी. दराच्या रकान्याखाली 'अमुक पार्टीला याच्या खाली जाऊ नका' असं काही लिहू नका.

राहिली भाषा. एका कॉलमला एकच कमेंट. सुरुवातीला मला यात काही अडचण वाटली नव्हती, मराठी पुरेल असं धरलं होतं. पण हे सोलापूर आहे. पॅकिंगचे आमचे जुने जाणते कामगार शहराच्या पूर्व भागातले, घरात तेलुगू, आणि बारीक अक्षरातली सूचना त्यांना तेलुगू लिपीतच पटकन वाचता येते. त्यांनी स्वतः मागितलं, आणि ते मिळायलाच हवं होतं. एकाच कमेंटमध्ये जेसन (नाव-मूल्यांच्या जोड्यांची मांडणी) करून दोन्ही भाषा कोंबायचा विचार सोडून दिला. दिवाणजींना तो मजकूर हाताळता आला नसता. मराठी कमेंटमध्ये ठेवली, तेलुगूसाठी वेगळं टेबल केलं. इथे चावी कोणती, म्हणजे नोंद कशावरून ओळखायची, हा प्रश्न आला. कॉलमचं नाव बदललं तरी कमेंट त्याला चिकटून राहते, कारण ती क्रमांकावर बांधलेली असते. माझ्या टेबलात तोच क्रमांक ठेवला तर डंपमधून परत उभं केल्यावर तो बदलू शकतो, ओआयडीही बदलतो. म्हणून टेबलाचं आणि कॉलमचं नाव हीच चावी ठेवली आहे, आणि नाव बदलायचं झालं तर ते एकाच फंक्शनमधून होतं, जे कॉलमचं नाव आणि तेलुगूच्या नोंदीतलं नाव एकाच व्यवहारात बदलतं.