साधा शोषखड्डा बाद, वाळूचा उंचवटा पास
आमच्याकडे २ फुटांवरच पाणी लागतं, म्हणून सेप्टिक टँकच्या पुढे वाळूचा उंचवटा बांधून घेतला. टाकीतलं सांडपाणी पंपाने त्यात चढतं आणि वाळूतून गाळून जमिनीत मुरतं. कंत्राटदाराचं काम मनापासून आवडलं. धुतलेलीच वाळू हवी, हा त्याचा हट्ट. मातकट वाळू लवकर तुंबते. जमीन ओली होती, तर यंत्र आणायला ठाम नकार देऊन ८ दिवस थांबला. तेव्हा मी चिडले होते, पण दबलेली माती पाणी पीत नाही, हे त्याचं म्हणणं खरंच होतं. पंप बंद पडून पाणी तुंबलं की वाजणारा धोक्याचा भोंगा मात्र त्याने पंपाच्याच वायरीवर जोडलेला. फ्यूज उडाला की दोन्ही गप्प! भांडून वेगळी वायर टाकून घेतली. उंचवट्यावर फक्त गवत. झाड नाही, गाडी नाही. टाकीची गाळणी मीच धुते. गाळ ३ वर्षांनी उपसायचा.