खारपाणपट्ट्यातील एक आधारनिवास: नातेवाइकाचा अभिप्राय

माझी आत्या अमरावती जिल्ह्याच्या खारपाणपट्ट्यातील, म्हणजे भूजल खारट असलेल्या भागातील एका गावात, एका लहान सेवाभावी संस्थेने चालवलेल्या आधारनिवासात राहते. मानसिक आजार असलेल्यांना थोड्या मदतीने गावातच राहता यावे, यासाठीचे हे घर. रहिवाशांच्या खासगीपणासाठी संस्थेचे आणि गावाचे नाव येथे देत नाही. मात्र आपल्या माणसासाठी अशी सोय शोधणाऱ्या कुटुंबांना नेमके काय पाहावे हे कळावे, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे. आत्याला स्किझोफ्रेनिया हा मानसिक आजार आहे. नियमित औषधांवर ती चांगली सावरलेली असते, परंतु एकटी पडली की आधी गोळ्या सुटतात, मग जेवण सुटते आणि शेवटी पुन्हा रुग्णालय गाठावे लागते. कापूस वेचणीच्या दिवसांत घरातील सगळी माणसे पहाटेच वावरात जातात, तेव्हा तिच्याजवळ थांबायला कोणी उरत नाही. तिला कायम रुग्णालयात ठेवण्याची गरज नाही, असे डॉक्टरांचेही स्पष्ट मत होते.

हे निवास म्हणजे गावातीलच, जिल्हा परिषद शाळेच्या गल्लीत भाड्याने घेतलेली दोन साधी घरे आहेत. प्रत्येक घरात चार महिला राहतात, एका खोलीत दोघी. प्रत्येकीचे कपाट वेगळे आणि त्याची किल्ली तिच्याच कमरेला. दिवसभर एक कार्यकर्ती ताई असते आणि रात्री मुक्कामाला दुसरी येते. बोअरचे पाणी खारट असल्याने पिण्याचे पाणी नळयोजनेच्या पाळीप्रमाणे भरून ठेवावे लागते. हे काम आणि स्वयंपाक महिला आळीपाळीने करतात. जेवण भाकर, वरण, अंबाडीची भाजी असे आपल्या घरचेच असते. स्वच्छता चांगली आहे.

मला सर्वांत मोलाची वाटली ती सायंकाळच्या गोळ्यांची पद्धत. आठवड्याच्या सात कप्प्यांची डबी आत्याच्याच कपाटात असते. जेवण झाले की ती स्वतः डबी काढते, गोळी घेते आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला पेन्सिलीने खूण करते. ताई तेव्हा शेजारी बसून तुरीच्या शेंगा सोलत असते. ती गोळी हातावर ठेवत नाही, तोंड उघडून दाखवायलाही सांगत नाही, पण खूण झाली की नाही याकडे तिचे बरोबर लक्ष असते. खूण राहिली तर ती दुसऱ्या दिवशी सकाळी शांतपणे कारण विचारते आणि वहीत लिहून ठेवते. औषधाची जबाबदारी आजारी माणसाकडे राहावी आणि तरीही ती निसटू नये, हे साधणे घरच्या धावपळीत फार अवघड असते. आठवडी बाजारातही हीच रीत मी पाहिली. आत्या वांग्यांचा भाव करत होती आणि ताई दोन दुकाने सोडून आपली खरेदी करत उभी होती. पैसे आत्याचे होते, कारण संजय गांधी निराधार योजनेचे अनुदान तिच्या स्वतःच्या खात्यात जमा होते आणि पासबुकही तिच्याकडेच असते.

निराधारांना निवारा देण्याची परंपरा आपल्या विदर्भात जुनी आहे. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ मध्ये कुष्ठसेवेचे काम सुरू केले, अमरावतीत शिवाजीराव पटवर्धन यांनी कुष्ठरुग्णांसाठी तपोवन उभारले आणि १९४९ मध्ये स्थापन झालेल्या महारोगी सेवा समितीतून बाबा आमटे यांनी वरोऱ्याला आनंदवन फुलवले. ही सर्व वसतिस्थाने गावाबाहेर उभी राहिली, कारण गाव त्या माणसांना आत घ्यायला तयार नव्हते. मानसिक आजाराबाबत आज कायद्याची दिशा नेमकी उलट आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातील कलम १९ नुसार मानसिक आजार असलेल्या व्यक्तीला समाजात राहण्याचा हक्क आहे आणि केवळ कुटुंब नाही, कुटुंब स्वीकारत नाही किंवा बाहेर सोय नाही एवढ्या कारणावरून तिला रुग्णालयात ठेवता येत नाही. अशा आधारनिवासांची तरतूद करणे ही त्याच कायद्याने सरकारची जबाबदारी ठरवली आहे. प्रत्यक्षात तालुक्याच्या ठिकाणीही अशी घरे सहसा आढळत नाहीत, याचे मला मनापासून वाईट वाटते.

मात्र त्या जुन्या संस्थांकडे असलेली एक गोष्ट या निवासात कमी पडते, ती म्हणजे काम. आनंदवनात शेती होती, माग होते, सुतारकाम होते. राहणाऱ्याच्या हाताला मजुरी होती. येथे महिला फुलवाती वळतात आणि श्रावण ते दिवाळी त्यांना मागणीही असते, पण पुढचे महिने दुपारी रिकाम्या जातात आणि रिकामी दुपार आत्याला सोसत नाही. संस्थेने याकडे तातडीने लक्ष द्यावे. दुसरी उणीव उन्हाळ्यातील आहे. पारा ४५ अंशांपर्यंत चढतो त्या दिवसांत प्रत्येक घरात एकच कूलर आणि तोही बैठकीच्या खोलीत, हे पुरेसे नाही. अशा आजारावरील काही औषधांमुळे ऊन अधिक बाधते, त्यामुळे हा केवळ आरामाचा प्रश्न राहत नाही. रात्री अडचण आल्यास टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर बोलण्याची सवय ताईंना आहे, परंतु वाहनासाठी गावातील ऑटोवाल्यावरच अवलंबून राहावे लागते.

शुल्क कुटुंबाच्या उत्पन्नानुसार ठरते. आम्ही दरमहा ६,००० रुपये देतो. कोरडवाहू शेतकऱ्याला ही रक्कम जड आहे, तरी वारंवार रुग्णालयात नेणे-आणणे आणि बुडालेली मजुरी यांचा हिशेब केला तर ती मला रास्त वाटते.

मला खरी काळजी आहे ती करारपत्राची. पैसे भरणारा नातेवाईक दगावला तर पुढे काय, याबद्दल त्यात एक ओळही नव्हती. अमरावती जिल्ह्यातील वझ्झर येथे बेवारस दिव्यांग मुलांना सांभाळणाऱ्या शंकरबाबा पापळकर यांना २०२४ मध्ये पद्मश्री मिळाली. अशा मुलांना वयाच्या १८ वर्षांनंतरही त्याच घरी राहता यावे असा कायदा व्हावा, ही त्यांची कित्येक वर्षांची मागणी आहे. आमच्यासारख्या कुटुंबांचा प्रश्नही त्याच जातीचा आहे. आम्ही आग्रह धरल्यावर संस्थेने करारात दोन कलमे वाढवली: शुल्क थांबल्यास किमान सहा महिने निवास चालू राहील आणि आत्याच्या संमतीशिवाय तिला दुसरीकडे हलवले जाणार नाही. कायद्यानुसार तिने स्वतःचा नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचारांच्या निर्णयांत तिला साथ देणारी व्यक्ती म्हणून लेखी माझे नाव दिले, तोही कागद फाईलला जोडला.

ज्यांचा आजार औषधांनी आटोक्यात आहे आणि ज्यांना रोजच्या जगण्यात थोडा हात हवा आहे, त्यांच्यासाठी ही सेवा मी निःशंकपणे सुचवेन. ज्यांना सतत परिचारिका लागते किंवा जे अंथरुणाला खिळले आहेत, त्यांची येथे आबाळ होईल, आणि संस्था स्वतःही तसे स्पष्ट सांगते. पाहायला जाताना सणाचा दिवस टाळून साध्या दिवशी सायंकाळी जेवणाच्या वेळी जावे, आपल्या माणसाला सोबत न्यावे आणि करारातील ती दोन कलमे वाचल्याखेरीज सही करू नये.