हातउसन्याचे ॲप: आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑगस्टपासून आम्ही पाच मैत्रिणी उसनवारीचा हिशेब ठेवणारे एक ॲप वापरतोय. लिहून ठेवायला ते उत्तम आहे, मागायला अगदी वाईट. नाव मुद्दाम देत नाही.

पाचही जणी बडोद्याच्या. राहत्या भागावरून एकमेकींना नावे पाडलीत: मांजलपूरवाली, कारेलीबागवाली, फतेगंजवाली, गोत्रीवाली आणि मी दांडिया बाजारातली. रविवारी सकाळी कमाटीबागेत फेऱ्या, मग सेव-उसळ. पैसे पुढे करणारी बहुतेक मीच, कारण बाकीच्यांचे फोन नेमके तेव्हाच पर्सच्या तळाशी असतात. रकमा लहानच, 80, 240, फार तर दीड-दोन हजार. आई याला हातउसने म्हणायची, गुजरातेत जन्म गेल्यामुळे आमच्या तोंडी उछीना बसलेय. शेजारून वाटीभर साखर आणावी तसला प्रकार. व्याज नाही, कागद नाही. पंचाईत एवढीच की आठवण देणारीची पक्की आणि घेणारीची कच्ची, असे मी समजत होते. पहिल्या महिनाअखेरीला ॲप म्हणाले, मांजलपूरवालीकडे माझे 1,140 रुपये आहेत. मला वाटत होते चारेकशे. आणि गोत्रीवालीचे 310 माझ्याकडेच निघाले, तेही रिक्षाचे! त्या दिवशी ॲपला मनातल्या मनात पाच तारे देऊन टाकले.

मग नवरात्र आले. पाचही जणींच्या गरब्याच्या पासचे पैसे मी भरले आणि ॲपमधले ‘मागणी’ हे बटण दाबले. समोरच्या फोनवर रक्कम उमटायची, तिने पिन टाकला की पैसे जमा. माणसामाणसांतल्या अशा मागणीला 2,000 रुपयांची मर्यादा होती, आम्हाला पुष्कळ. तोंडाने मागावे लागत नाही हे सुख मोठे होते. पण यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआय या संस्थेने 1 ऑक्टोबर 2025 पासून व्यक्ती-व्यक्तींमधली ही सोय बंदच केली. भामटे मागणी पाठवत, लोकांना वाटे पैसे येतायत, आणि पिन टाकून बसत. (पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही, हे माझ्या सासूबाईंना मी अजून महिन्यातून एकदा सांगते.) तेव्हा बंद केली ते बरोबरच. नेमकी त्या दिवशी नवमी होती आणि माझ्या तीन मागण्या अडकलेल्या. राग एनपीसीआयवर नाही. सूचना जुलैअखेरीलाच निघाली होती, तरी या ॲपवाल्यांनी ते बटण पुढे कित्येक आठवडे तसेच ठेवले. दाबले की ‘काहीतरी चुकले’. काय चुकले, ते आम्हीच शोधायचे.

बटणाच्या जागी मग आपोआप जाणारी आठवण आली. दर चार दिवसांनी मेसेज. फतेगंजवालीचा नंबर मी माझ्या फोनमधून उचलून टाकला होता, आणि तो आता तिच्या यजमानांकडे असतो हे मला माहीत नव्हते. ॲपनेही नंबर कोणाचा ते विचारले नाही. चनिया-चोळीसाठी तिने माझ्याकडून 1,350 घेतले होते, घरी न सांगता. यजमानांना मेसेज गेला, ‘आपल्याकडे 1,350 रुपये बाकी आहेत.’ दहा मिनिटांत पैसे माझ्या खात्यात. शेऱ्यात एकच शब्द, ‘दिले’. ती पुढचे तीन रविवार बागेत आली नाही. चूक अर्धी माझी, मान्य. पण हातउसने मागताना आपण वेळ बघतो, घरात कोण बसलेय ते बघतो, आधी चहाचे विचारतो. ते शहाणपण या यंत्रात नाही, आणि आठवणी बंद करायची खूण अशा जागी दडवलीय की ती मला डिसेंबरात सापडली.

दुसरी खोड ‘हिशेब सोपा करा’ची. मांजलपूरवाली मला 600 देणे, मी कारेलीबागवालीला 600 देणे. ॲप मला मधून काढून टाकते: मांजलपूरवालीने थेट कारेलीबागवालीला द्यावेत. गणित चोख. पण मांजलपूरवाली म्हणाली, “मी तिच्याकडून घेतलेच नाहीत, मग तिला कशाला देऊ?” मला तिचेच पटले. सोय बंद केली.

उत्तरायणाला मांज्या-पतंगांचे 900 गोत्रीवालीने पाठवले. तिच्या खात्यातून गेले, माझ्याकडे आले नाहीत, आणि ॲपने मात्र ‘फिटले’ म्हणून रेघ ओढली. असे झाले तर घाबरू नका. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या नियमाप्रमाणे अशी रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी, त्यापुढे बँकेने दिवसाला 100 रुपये भरपाई द्यायची. तिचे दुसऱ्या दिवशी परत आले. व्यवहाराचा बारा आकडी क्रमांक तेवढा जपून ठेवा, बँक पहिल्यांदा तोच विचारते. ॲपमधली रेघ पुसायला मात्र तिला आणि मला दोघींना ‘नाही फिटले’ दाबावे लागले, तेही दोनदा.

आमच्या ह्यांनी मध्येच विचारले, ही ती व्याजाने पैसे लावायची पी-टू-पी ॲप का? नाही हो. ती अनोळखी लोकांना कर्ज द्यायची, रिझर्व्ह बँकेच्या परवान्याने चालणारी. तिथे एकाने एकाला 50,000 पर्यंतच देता येतात. सेव-उसळीशी त्यांचा संबंध नाही.

सध्या ॲपमध्ये फक्त नोंद करते. आठवणी बंद, सोपा हिशेब बंद. मागायचे ते रविवारी बागेत, दुसऱ्या फेरीला, तोंडाने. पैसे सरळ यूपीआयने, आणि शेऱ्यात कशाचे ते लिहायचे असा आमचा नियम आहे, म्हणजे खात्याच्या उताऱ्यात सापडतात. पाचपैकी तीन तारे, तिन्ही नोंदवहीचे. ज्या गावात सयाजीरावांनी 1908 मध्ये बँक काढली तिथे आम्ही 310 रुपयांवरून आठ महिने घालवले, पण असो.

फतेगंजवाली परत यायला लागलीय. परवा तिने स्वतःहून 240 पाठवले. शेऱ्यात होते, ‘सेव-उसळ, तुझ्या जादा तरीसकट.’