नव्या वाड्याचं आवार: हिरवळ की झाडी, पेव्हर की घडीव दगड?

नाशिकभोवती गिरणारे, मखमलाबाद, त्र्यंबक रोड, दिंडोरीचा पट्टा, कुठंही जा, वाड्याच्या धर्तीवरचे नवे बंगले दिसतात. मधे चौक, चहूबाजूंनी ओसरी, आत उतरणारी कौलं आणि बाहेर अर्धा-एक एकर आवार. रंगकाम संपत आलं की मालकाच्या हातात दोन कोटेशनं पडतात. एकात दोन महिन्यांत सगळं हिरवंगार: पूर्ण आवारात मेक्सिकन हिरवळ, गेटपासून दारापर्यंत पामच्या दोन रांगा, चौकात रंगीत पेव्हर (सिमेंटचे फरसबंदीचे ठोकळे), कोपऱ्यात कारंजं. दुसऱ्यात देशी झाडी, ठिबक, चौकात दगड, आणि "दोन-तीन वर्षं धीर धरा" ही अट. पहिल्याचा फोटो छान येतो, म्हणून बहुतेक जण तिकडे झुकतात.

माझं मत आधीच सांगतो. चौकावर आत्ता सढळ हाताने खर्च करा आणि आवारात हात आखडता घ्या. चौकात एकदा चुकलं की फरशी उखडण्यावाचून इलाज नसतो. आवार मात्र दरवर्षी थोडं थोडं सुधारता येतं.

हिशेब मे महिन्याचा करा

ऑगस्टमध्ये कुठलंही कोटेशन खरंच वाटतं. उन्हाळ्यात हिरवळीला चौरस मीटरमागे दिवसाला साधारण पाच लिटर पाणी लागतं. एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर, म्हणजे गुंठ्याला रोज पाचशे लिटर. दहा गुंठे हिरवळ केली तर रोज पाच हजार लिटर, म्हणजे अख्खा छोटा टँकर नुसत्या गवतावर. त्याच दहा गुंठ्यांत चाळीस झाडं लावली आणि दुसऱ्या उन्हाळ्यात ठिबकने दिवसाआड पस्तीस लिटर दिलं, तर रोजची सरासरी सातशे लिटर पडते. शिवाय देशी झाडांचं पाणी तिसऱ्या-चौथ्या वर्षापासून कमी करत नेता येतं. हिरवळीचं ते कधीच कमी होत नाही.

"आमच्या बोअरला भरपूर पाणी आहे" हे वाक्य जानेवारीत ऐकलं तर मनावर घेऊ नका. आपल्याकडचा खडक काळा बेसॉल्ट. पाणी असतं ते त्याच्या भेगांमधे आणि वरच्या झिजलेल्या थरात. बांधाच्या पलीकडे शेजाऱ्याला धो धो पाणी आणि तुमच्याकडे कोरडी धूळ, असंही होतं. त्यात शेतीच्या जोडणीवर थ्री-फेज वीज ठरावीक तासच, म्हणून साठवणीची टाकी आधी, हिरवळ नंतर.

पावसाचंही एकच गणित नाही. नाशिक शहरात वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास, त्र्यंबककडे दोन हजारांच्या वर, सिन्नरच्या बाजूला शहराहूनही कमी. त्र्यंबक रोडला पुढे जागा असेल तर तुमची खरी अडचण जुलैतल्या निचऱ्याची आहे. सिन्नरला असाल तर दहा गुंठे हिरवळीचा विचार सोडाच.

आवार: हिरवळ, झाडी आणि तिसरा एक मोह

हिरवळीची बाजूही मांडायला हवी. पोरांना लोळायला, चार खुर्च्या टाकायला, घरचं कार्य काढायला तिच्यासारखी जागा नाही. धूळ बसते, ओटीसमोर गारवा राहतो. पण तिला माळी रोज लागतो. पावसाळ्यात आठवड्याला कापणी, सतत ओल राहिली की बुरशीचे पिवळे गोल डाग, आणि बाहेरून आणलेल्या माती-खतातून येणारा लव्हाळा. लव्हाळा वरून उपटला की पात हातात येते, पण खालची काळी गाठ जमिनीतच राहते आणि पंधरा दिवसांत पुन्हा कोंब वर. तो खुरप्याने गाठीसकट काढावा लागतो. हे काम करणारा माणूस गावात मिळतो का, ते कोटेशनवर सही करण्याआधी विचारा. द्राक्षांच्या हंगामात मजूर बागेत जातो, तुमच्या हिरवळीवर येत नाही.

म्हणून हिरवळ हवीच असेल तर ओटीसमोर दीड-दोन गुंठे करा, तीही साध्या हरळीची. मेक्सिकनइतकी मऊ नाही, पण पाण्याचा ताण सोसते आणि सुकली तरी पहिल्या पावसात परत येते. उरलेल्या जागेत झाडं आणि रानगवत. रानगवत पावसाळ्यानंतर एकदा कापायचं आणि होळीच्या आधी घराभोवती वीस-पंचवीस फुटांचा पट्टा पूर्ण साफ ठेवायचा. उन्हाळ्यात डोंगरावरून वणवा उतरतो तेव्हा वाळलेलं गवत कुणाचं आहे ते बघत नाही.

तिसरा मोह खास नाशिकचा: घरासमोर शोभेपुरती द्राक्षबाग. खिडकीतून मांडव दिसला की पाहुणे खूश होतात. पण द्राक्ष शोभेपुरतं राहत नाही. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, मधे डाऊनी आणि भुरी या रोगांसाठी फवारण्या. ओसरीवर नाश्ता चाललेला आणि दहा फुटांवर ब्लोअर, हे चित्र डोळ्यांसमोर आणा. फळबागच हवी असेल तर केशर आंबा, पेरू, सीताफळ, चार लिंबं लावा. त्यांनाही देखभाल लागते, पण एखादी फवारणी चुकली म्हणून वर्ष बुडत नाही.

झाडांच्या निवडीत मला एकच गोष्ट ठामपणे सांगायची आहे: कोनोकार्पस नको. भराभर वाढतो, वर्षभर हिरवा राहतो, म्हणून पडद्यासाठी खपवतात. त्याची मुळं पाइपलाइन आणि गटारांत घुसतात. गुजरातने २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. आडोसाच हवा असेल तर करंज किंवा बांबू लावा. गुलमोहर दूर कोपऱ्यात चालेल, घराजवळ नाही, कारण वळवाच्या वाऱ्यात त्याच्या फांद्या मोडतात. बहावा उन्हात, ताम्हण जिथे पाणी साचतं त्या खोलगट बाजूला. जांभूळ जरूर लावा, पण गाडी उभी करायच्या जागेवर त्याची सावली धरू नका. वड, पिंपळ, उंबर भिंतीपासून तीस-चाळीस फूट तरी लांब.

माती आधी उकरून बघा

नव्या घराच्या भोवती माती नसते, राडारोडा असतो. गिलाव्याचा चुरा, सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे, रंगाचे डबे. त्यावर सहा इंच लाल माती पसरली की सगळं झाकलं जातं. पैसे देण्याआधी जोत्याला लागून चार-पाच ठिकाणी पहार मारून बघा. टणक, पांढरट थर लागला तर तो उचलून न्यायला सांगा. आपली काळी माती मुळातच चुनखडीची, त्यात सिमेंट मिसळलं की झाडाला लोह घेता येत नाही. सोनचाफा, मोगरा, जास्वंद यांची कोवळी पानं पिवळी आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसायला लागतात. मग माळी खत मारत बसतो आणि पानं पिवळीच राहतात.

मोठी तयार झाडं की पिशवीतली रोपं, या वादाचं उत्तरही मातीतच आहे. बारा-पंधरा फुटी झाडं बहुधा आंध्रातल्या कडियमच्या रोपवाटिकांमधून ट्रकने येतात, मुळांशी लाल मातीचा गोळा घेऊन. तो गोळा काळ्या मातीच्या खड्ड्यात ठेवला की पाणी गोळ्याभोवती तुंबतं आणि मुळं बाहेर पडायला कुरकुरतात. जगतात, पण वर्ष-दोन वर्षं नुसती उभी राहतात. तीन फुटी रोप तेवढ्या काळात जमीन धरतं. दर्शनी जागी दोन मोठी झाडं घ्या, खड्ड्यात मुरूम मिसळून निचरा करा. बाकी सगळी रोपं. खड्डे एप्रिल-मेमध्ये खणून उन्हात तापू द्या आणि लागवड जूनचे दोन चांगले पाऊस झाल्यावर.

चौक: इथे घाई नको

चौकाची पहिली बाब फरशी नव्हे, फरशीखालचं आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर बसवलेली कुठलीही फरशी दोन वर्षांत वर-खाली होते. दोन-तीन फूट काळी माती काढून मुरूम भरायचा, सहा-सहा इंचांचे थर, प्रत्येक थर पाणी मारून धुमसाने ठोकलेला. हे काम गवंड्यासमोर उभं राहून करून घ्या.

दुसरी बाब पाणी. कौलं आत उतरत असतील तर चौकात फक्त चौकाचा पाऊस पडत नाही. चौक आणि आतली कौलं मिळून शंभर चौरस मीटर धरा. तासाभरात पन्नास मिलिमीटर झाला तर पाच हजार लिटर पाणी त्या एका खड्ड्यात उतरतं. ते ओसरीवर चढू द्यायचं नसेल तर दहा फुटांना दीड इंच उतार आणि दोन मोऱ्या, एक पाचोळ्याने तुंबली तरी दुसरी चालू. पाणी बाहेर टाकून न देता गाळणीतून टाकीत किंवा शोषखड्ड्यात न्या.

आता फरशी. पेव्हर स्वस्त, लवकर बसतात, खालची पाइप दुरुस्त करायला उचलता येतात. गाडीच्या जागेसाठी ८० मिलिमीटर जाडीचे घ्या, तिथे तेच योग्य. चौकात मात्र त्यांचा रंग उडतो, सांध्यांतून गवत येतं आणि वाड्याच्या खांबांशेजारी ते बसस्टँडच्या फलाटासारखे दिसतात. शहाबादी जुन्या घरांची ओळखीची फरशी, पायाला थंड, पण जुलै-ऑगस्टमध्ये शेवाळ धरून निसरडी होते. शिवाय ती चुनखडीची, त्यामुळे बाथरूमचं ॲसिड तिच्यावर पडू देऊ नका. कोटा दगड घेतला तर पॉलिश न केलेला. घडीव काळा पाषाण इथलाच, खाणी जवळ, आणि छिन्नीने टाचलेल्या पृष्ठावर पाय सरकत नाही. त्याचा दोष एकच: तो तापतो. काळ्या पाषाणाच्या देवळात मे महिन्याच्या दुपारी अनवाणी प्रदक्षिणा घातलेल्या नाशिककराला हे सांगायला नको.

मी असं करीन: मधे काळा पाषाण, ओसरीच्या कडेने चालायच्या वाटेला शहाबादी. कडेवर कौलांची सावली राहते, म्हणून पाय भाजत नाहीत. पावसाळ्यात मात्र तेवढा पट्टा खराट्याने घासावा लागेल. आणि मधल्या पाषाणावर सावली धरायला एक झाड.

कुठलं? सोनचाफा उंच जातो, चौकात मावत नाही. पारिजातक सुंदर, पण पावसाळ्यात सुरवंट येतात. ओसरीवर झोपणारी मंडळी असतील तर विचार करा. माझी पसंती देवचाफ्याला. थंडीत त्याची पानं गळतात, तेव्हा नाशिकच्या गारठ्यात ऊन थेट ओसरीपर्यंत येतं. उन्हाळा चढत जातो तशी पानं परत भरतात. मुळं जोत्याला त्रास देत नाहीत. झाड मूळचं अमेरिकेकडचं, त्यामुळे देशीचं सोवळं पाळणारे नाक मुरडतील, पण देवळादारी शतकांपासून उभ्या असलेल्या झाडाला आता कुणी परकं म्हणू नये. तुळशीवृंदावन त्याच्या सावलीत नको, तुळशीला ऊन लागतं.

कुंपण आणि रात्र

गिरणारे, दिंडोरी, निफाडच्या पट्ट्यात बिबट्या ही रोजची गोष्ट आहे. त्यामुळे घराला चिकटून दाट झुडपं, दगडांचे शोभेचे ढीग, गुडघाभर वेली यांना माझा स्वच्छ नकार. तिथे आधी उंदीर येतात, मागोमाग साप. दाट कुंपण बांधावर घाला, करवंदाचं काटेरी उत्तम. घरापासून वीस-पंचवीस फूट मोकळं ठेवा आणि रात्री कुत्रं आत बांधा.

कोटेशन कुणाचंही घ्या, त्यात तीन ओळी लिहून घ्या: राडारोडा कोण उचलणार, मुरमाचा भराव किती फूट, आणि पुढच्या जूनपर्यंत मेलेली झाडं कोण बदलून देणार. शेवटची रक्कम त्या जूननंतर द्यायची.